व्यावसायिक पोशाख की परकी झूल?

कार्यालयात नीटनेटके यावे, हे कोणी कोणाला शिकवावे लागू नये. स्वच्छ धुतलेले वस्त्र, विंचरलेले केस आणि कापलेली नखे ही संस्कारी घरातील रोजची शिस्त आहे. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांतील पहिलाच नियम ‘शौच’ हा आहे. तेव्हा पोशाखाच्या शिस्तीला विरोध करण्याचे हिंदू मनाला काहीच कारण नाही. जे संघटन गणवेशात उभे राहून वाढले, त्याच्या कार्यकर्त्याला तर गणवेशाचे मोल सांगण्याची गरजच नाही. प्रश्न निराळा आहे. आज ‘प्रोफेशनल’ या एका शब्दाच्या आडून जे लादले जात आहे, ती शिस्त आहे की परक्या अभिरुचीची सक्ती, हा तो प्रश्न होय.

विमानसेवा, पंचतारांकित हॉटेले, मोठी दुकाने, कॉल सेंटर अशा अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी ‘ग्रूमिंग’चे नियम असतात. केस किती लांब असावेत, नखांना कोणता रंग असावा, कानातले केवढे असावे, हे सारे त्यांत ठरलेले असते. तेवढ्याने काही बिघडत नाही. परंतु त्याच नियमांच्या पोटात कुठे टिकलीचा आकार मोजला जातो, कुठे मंगळसूत्र दिसू नये अशी सूचना असते, तर कुठे मनगटावरचा लाल दोरा सोडून येण्यास सांगितले जाते. पुष्कळदा असा नियम लिहून ठेवण्याचीही गरज पडत नाही. मुलाखत घेणाऱ्याची नजर कपाळावर क्षणभर थांबते आणि समोरच्या उमेदवाराला जे समजायचे ते समजते. लातूर-जळगावकडून पुण्या-मुंबईत आलेल्या, घरचे कर्ज फेडू पाहणाऱ्या मुलीला अशा वेळी वाद घालणे परवडत नाही. ती निमूटपणे टिकली आरशावर चिकटवते आणि कामावर जाते. कोणावरही जबरदस्ती झाली नाही असे कागदोपत्री म्हणता येते, आणि तरीही तिच्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली जाते. तिच्या आईच्या कपाळावर जे आहे ते घरात पवित्र असले तरी जगात गावंढळ आहे, हीच ती गोष्ट.

हा न्यूनगंड आकाशातून पडलेला नाही. ब्रिटिश कारकिर्दीत देशी पोशाखातील हिंदी माणसाला सरकारी कचेरीत वा दरबारात साहेबासमोर जाताना जोडे बाहेर काढावे लागत. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ साली, या रिवाजात सवलत देण्यात आली. पण ती कोणाला? युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्यांना. ज्याने साहेबाचा बूट घातला त्याला मान, ज्याने बापजाद्यांचा जोडा घातला त्याने तो उंबऱ्याबाहेर ठेवायचा! त्याआधी १८३५ सालीच मेकॉलेने अशी पिढी घडवण्याचा मनसुबा मांडला होता, जी वर्णाने हिंदी राहील, पण आवडीनिवडीने इंग्रज होईल. इंग्रज १९४७ साली गेले. उंबऱ्यावरचा तो पहारेकरी मात्र अद्याप पुरता गेलेला नाही.

जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथमन यांना चेन्नईतील एका क्रिकेट क्लबात केवळ वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला, त्याच्याच प्रांतात, त्याच्याच पूर्वजांचे वस्त्र नेसून आत जाता येईना! त्यावर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशी बंदी बेकायदा ठरवली. तरीही रोग हटला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील एका उपाहारगृहात साडी नेसलेल्या महिलेला, साडी हा तेथील ठरलेल्या पोशाखात बसत नाही, असे सांगण्यात आले आणि देशभर संताप उसळला. जो पोशाख भारताच्या राजधानीत ‘बसत’ नाही, तो मग बसायचा तरी कुठे?

देशी पोशाखात कार्यक्षमता नसते, हा या मंडळींचा आवडता युक्तिवाद. इतिहास त्याला धडधडीत खोटे ठरवतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या मस्तकी पगडी होती. डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत साडी नेसून शिकल्या आणि १८८६ साली त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी मिळवली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा बंगळूरला आनंद साजरा करणाऱ्या, साड्या नेसलेल्या आणि गजरे माळलेल्या इस्रोच्या महिला कर्मचाऱ्यांचे छायाचित्र जगभर गाजले. यानाला मंगळापर्यंत जाण्यात त्या गजऱ्यांची अडचण झाली नाही. मग एखाद्या कंपनीचे हिशेब तपासण्यात टिकलीची अडचण कशी होते?

ज्या पाश्चात्त्य जगाचे नाव घेऊन हे नियम लादले जातात, त्या जगात काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन शहरात १९६७ साली एका शीख बसचालकाला दाढी आणि पगडीमुळे कामावरून परत पाठवण्यात आले. शीख समाज हटला नाही. दीर्घ आंदोलनानंतर एप्रिल १९६९ मध्ये तेथील नगरपालिकेला बंदी उठवावी लागली. ब्रिटिश एअरवेजच्या एका ख्रिस्ती कर्मचारी महिलेला गळ्यातील क्रूस उघडपणे घालण्यास मनाई झाली होती. कंपनीने २००७ साली आपला नियम बदलला आणि २०१३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या महिलेच्या बाजूने निकाल दिला. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेने तमिळ हिंदू मुलीला नाकात चमकी घालण्यास मनाई केली. ते प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि २००७ साली निकाल मुलीच्या बाजूने लागला. चमकी हा तिच्या परंपरेचा भाग आहे आणि शाळेने तिला सवलत द्यायला हवी होती, असे न्यायालयाने ठरवले. परदेशातील अल्पसंख्य हिंदू मुलगी जे मिळवते, ते स्वदेशातील बहुसंख्य समाजाच्या मुलीने स्वतःहून सोडून द्यावे, याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

आणि हवामानाचे काय? कोट आणि टाय ही थंड प्रदेशातील सोय आहे. नागपूर-चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे गळा आवळून घ्यायचा आणि मग तो आवळलेला गळा सुसह्य व्हावा म्हणून वातानुकूलन यंत्र १८ अंशांवर लावायचे, याला शहाणपण कोण म्हणेल? जपानसारख्या उद्योगप्रधान राष्ट्राने २००५ साली उन्हाळ्यात टाय-कोट उतरवून कार्यालयांचे तापमान २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम काढली. २००९ साली बांगलादेशानेही वीज वाचवण्यासाठी आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात कोट-टाय न घालण्यास सांगितले. भूतानच्या सरकारी कचेऱ्यांत तर घो आणि किरा हे राष्ट्रीय पोशाखच घातले जातात. या देशांची कामे अडली नाहीत.

याचा अर्थ कोणी कसेही यावे असा नव्हे. यंत्राजवळ काम करताना सैल पदर आणि बांगड्या घातक ठरतात, शस्त्रक्रियागृहात अंगठी आणि दोरा चालत नाही, स्वयंपाकगृहात केस झाकावेच लागतात. या नियमांना कारण आहे आणि म्हणून ते शिरोधार्य आहेत. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबाबत परिपत्रक काढले, त्यात साडी आणि सलवार-कुर्ता यांना सन्मानाचे स्थान होते आणि आठवड्यातून एकदा खादी वापरण्याची सूचना होती. शिस्त आणि स्वत्व एकाच कागदावर नांदू शकतात, याचे हे उदाहरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाने अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत कुर्ता-पायजम्याला मुभा दिली. नौदलाहून अधिक शिस्त कोणत्या खासगी कंपनीत आहे?

पोशाख अपरिवर्तनीय असतो, असेही कोणी म्हणत नाही. संघाच्या गणवेशातील खाकी सदरा १९४० साली पांढरा झाला आणि २०१६ च्या विजयादशमीपासून अर्ध्या विजारीच्या जागी पूर्ण विजार आली. काळानुरूप वस्त्र बदलले, निष्ठा बदलली नाही. परंतु हा बदल स्वतःच्या विचाराने केलेला होता, दुसऱ्याच्या नजरेला लाजून केलेला नव्हता. सारा भेद तेवढाच आहे.

म्हणून कसोटी सोपी आहे. ज्या नियमाला स्वच्छता, सुरक्षितता किंवा कामाची सोय यांपैकी एखादे कारण देता येते, तो नियम सर्वांनी पाळावा. ज्याला ‘बरे दिसत नाही’ यापलीकडे कारण नाही, त्याला प्रश्न विचारावा. आणि नियम सर्वांना सारखा असावा. एकाच्या श्रद्धाचिन्हाला मुभा आणि दुसऱ्याच्या चिन्हाला बंदी, ही धर्मनिरपेक्षता नसून पक्षपात आहे.

घटनेने दिलेले मूलभूत हक्क मुख्यत्वे शासनाविरुद्ध बजावता येतात. खासगी कंपनीच्या पुस्तिकेविरुद्ध न्यायालयाची वाट बिकट आहे. त्यामुळे येथे कायद्यापेक्षा समाजाचा आग्रह अधिक उपयोगी पडेल. आज मनुष्यबळ विभागांत, व्यवस्थापनांत, उद्योजकांत राष्ट्रीय विचारांची किती तरी माणसे बसली आहेत. त्यांनी आपल्याच टेबलावरची पुस्तिका एकदा उघडून वाचावी. नोकरदार बांधवांनी आक्षेपार्ह नियमाचे कारण लेखी मागावे आणि सौम्य पण ठाम स्वरात मागावे. एकट्या मुलीला हे जड जाते. शेजारच्या चार सहकाऱ्यांनी तिच्या बाजूने उभे राहावे. आणि घराघरांतील पालकांनी, वैशाखाच्या उन्हात चार वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाय अडकवून त्याचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवण्यापूर्वी, क्षणभर विचार करावा.

१९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा कापड जाळणे तुलनेने सोपे होते, कारण ते अंगावर होते. आज परकेपण मनात शिरले आहे. ते जाळण्यासाठी होळी पेटवावी लागणार नाही. आरशावर चिकटवलेली टिकली पुन्हा कपाळावर लावून, मान ताठ ठेवून कामावर जाणे एवढेच पुरेसे आहे.