बक्षिशी आणि मजुरी

अजिंठा-वेरूळ पाहण्यासाठी चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, लेण्यांच्या कालनिर्णयाबरोबरच, बहुधा एक चौकट असते: भारतात कुणाला किती टिप द्यावी. उपाहारगृहात बिलाच्या दहा टक्के, हमालाला नगामागे अमुक, चालकाला दिवसामागे तमुक. सुट्या नोटा जवळ बाळगाव्यात. यास शिष्टाचार म्हणतात. आमचा आक्षेप या नावालाच आहे.

अजिंठ्याच्या पायऱ्यांवरून चौघे जण खुर्चीची डोली खांद्यावर वाहून नेतात, तेव्हा बसलेला आणि वाहणारे यांच्यात होतो तो व्यवहार मजुरीचा. मजुरी पुरेशी असेल तर वरच्या रकमेची वाट पाहावी लागत नाही. अपुरी असेल तर वरची रक्कमही मजुरीच होय. केवळ ती मागण्याचा हक्क काढून घेऊन तिला 'खुशी' हे नाव दिलेले असते. डोलीवाल्याने तोंड उघडून मागितलीच, तर पाहुणा आणि त्याच्या शेजारचा सुशिक्षित मराठी माणूस, दोघेही नाक मुरडतात.

हे आपल्या मागासलेपणाचे लक्षण मानणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे टिपवर काम करणाऱ्यांचे संघराज्यीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर गोठलेले आहे (काही राज्यांत अधिक आहे). टिप धरून ७.२५ डॉलर होत नसतील तरच उरलेला फरक मालकाने भरायचा. म्हणजे ग्राहकाच्या औदार्याचा पहिला लाभार्थी मालक! मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन आलेली आपली मंडळी 'तिथे वीस टक्के द्यावेच लागतात' असे कौतुकाने सांगतात आणि चिकलठाण्याला उतरताच रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतात. उलट, ज्या जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प राबवला गेला, तेथे टिपची सर्वसाधारण रीतच नाही. तेथून येणाऱ्या पाहुण्याला आपण ती इथे शिकवतो.

मराठीने या बाबतीत काय केले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे. फारसीतून आलेला 'बक्षीस' हा शब्द शाळेतल्या पहिल्या क्रमांकाला, घराच्या बक्षीसपत्राला आणि वेटरच्या बशीतल्या नाण्यांना सारखाच चालतो. पण जिथे भेद करायचा तिथे आपण तो नेमका केला: गवयाला बिदागी, पुरोहिताला दक्षिणा, हमालाला चहापाणी. पहिल्या दोघांपुढे देणारा वाकतो. तिसऱ्या ठिकाणी घेणाऱ्याने वाकावे अशी अपेक्षा. शब्द श्रमावरून ठरत नाही, घेणारा कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावरून ठरतो.

टिप हे पाश्चात्त्य खूळ, आपल्याकडे बलुत्याचा हक्क होता, असे म्हणणारेही भेटतात. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते वर्गात शिकवणाऱ्यांनी तरी असे बोलू नये. हक्काचे म्हणवले जाणारे धान्य खळ्यावर हात पसरून घ्यावे लागे. तो हक्क कसला?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती उचलून धरली. ग्राहकाचे रक्षण झाले, ते योग्यच. वाढप्याच्या पगाराचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मग तोवर देऊ नये काय? अवश्य द्यावे, आणि हात आखडता न घेता द्यावे. मात्र दिल्यावर नमस्काराची वाट पाहू नये. डोलीत बसण्याआधी दर विचारावा, त्यातले चौघांच्या हाती प्रत्येकी किती पडतात हेही विचारावे. आणि पुस्तिकांच्या पुढच्या आवृत्तीत त्या चौकटीत टक्केवारीऐवजी या कामांचे कायद्याने ठरलेले किमान वेतन छापावे.