ही भीड कोठवर?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी मेल सर्व्हरची कैफियत मांडणे म्हणजे भरिताच्या पंगतीत हिशेबाची वही उघडण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु यंदाच्या जूनमध्ये जळगावच्या आमच्या संस्थेत जे घडले, त्याने माझ्या मास्तरकीला असा चिमटा काढला की, बोलल्यावाचून राहवत नाही.

संस्थेने स्वतःच्या नावाची ई-मेलची सोय उभारायचे ठरवले. नवा संगणक आला. माझा एक जुना विद्यार्थी, आता इंजिनिअर, धुळ्याहून एस.टी.ने आला आणि त्याने ‘पोस्टफिक्स’ बसवले. वीत्से व्हेनेमा या डच संगणकतज्ज्ञाने रचलेली ही प्रणाली १९९८ साली खुली झाली. ती फुकट मिळते व जगभर चालते. आमच्याकडेही ती बिनतक्रार सुरू झाली. येथून पत्रे जात. पण बाहेरून येणारे प्रत्येक पत्र दारातूनच परत! दिवस प्रवेशाचे, पालकांचे अर्ज माघारी जात होते. यंत्राच्या नोंदवहीत मात्र एकच वाक्य : ‘रिले ॲक्सेस डिनाइड.’

‘डिनाइड’ दिसताच पोरगा परवानग्यांच्या मागे लागला. पासवर्ड बदलले, फायरवॉल उघडली, मिटली. सगळे पुसून दोनदा नव्याने बसवले आणि दोन्ही वेळा तीच जुनी फाइल जशीच्या तशी आत ठेवली! तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मॅट्रिकपुरते शिकलेला मी सहज म्हणालो, “अरे, या वाक्याचा मराठीत अर्थ सांग पाहू.”

तो थबकला. मग म्हणाला, “सर, यंत्र म्हणतंय, हे पत्र माझ्या घरचं नाही, आणि दुसऱ्याच्या दारी पोचवायचं काम मी घेणार नाही.”

“म्हणजे त्याला स्वतःचं घरच ओळखू येत नाही?”

झाले! घराचा पत्ता सांगणारी ओळ त्याने काढली. ओळ बरोबर होती. पण तिच्या आरंभी एक रिकामी जागा पडली होती. या प्रणालीत रिकाम्या जागेने सुरू होणारी ओळ आधीच्या ओळीचे शेपूट मानली जाते. आधीची ओळ होती आल्यागेल्याच्या स्वागताची. म्हणजे आमचे यंत्र दारी येणाऱ्या प्रत्येकाला नमस्काराबरोबर आपला पत्ता ऐकवत होते, आणि स्वतः मात्र तो विसरले होते! जागा पुसली, प्रणाली पुन्हा सुरू केली, आणि पत्रे येऊ लागली.

दोष प्रणालीचा नव्हे. हा नियम तिच्या माहितीपुस्तकात स्पष्ट छापलेला आहे. ‘पोस्टकॉन्फ’ ही आज्ञा दिली असती, तर यंत्राने काय समजून घेतले आहे तेही दिसले असते. दोष आहे आमच्या भिडेचा. इंग्रजी वाक्य समोर आले की आमची हुशार मुले ते वाचत नाहीत. त्याला हात जोडतात आणि दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञा उतरवून घेऊ लागतात. आम्हीच त्यांना तसे शिकवले. धड्याखालची उत्तरे पाठ करवून घेणाऱ्या मास्तरांत मीही आहे.

कोणी म्हणेल, मराठीत हे सांगायला शब्द कोठून आणायचे? सर्व्हर सर्व्हरच राहू द्या, पासवर्ड पासवर्डच. बोजड शब्दांचे कारखाने काढा असे मी म्हणत नाही. वाक्य मराठी हवे, कारण विचार वाक्यात होतो. दुसरा म्हणेल, पोटासाठी इंग्रजीच लागते. लागते, अवश्य शिकवा. पण जे समजले ते आईच्या भाषेत सांगता येत नसेल, तर ते समजलेच नाही.

आमच्या धुळ्यात १९२६ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला. जुनी दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडलेल्या या माणसाने आपले संशोधन हट्टाने मराठीत लिहिले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. त्याच खानदेशातल्या इंजिनिअरांना आपली सापडलेली एक चूक मराठीत चार ओळींत लिहून ठेवता येऊ नये?

माझ्या विद्यार्थ्याने ती लिहिली. कागद सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर चिकटवला आहे. पुढच्या माणसाचे तीन दिवस वाचतील. वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा इंजिनिअर सुट्टीला आला असेल, तर फराळ झाल्यावर त्याच्या हाती कागद द्या.