पंधरा वर्षांची अट पुरेशी नाही

केंद्र, राज्य आणि महापालिकांच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून थांबले. हा नियम झाला तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याची धुरा नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे होती. साहजिकच नागपूर महानगरपालिकेकडून अपेक्षा अधिक. नियम स्वागतार्ह आहे. परंतु वय झाले म्हणून गाडी भंगारात काढणे ही नियमाची पूर्तता झाली, व्यवस्थापन नव्हे.

गाडी केव्हा बदलावी, हे तिचा खर्च सांगतो. नव्या गाडीची किंमत प्रारंभी झपाट्याने घसरते, पण दुरुस्ती अल्प असते. पुढे घसरण मंदावते आणि दुरुस्तीचे आकडे चढू लागतात. दोन्ही खर्चांची मिळून वार्षिक सरासरी जेथे सर्वांत कमी, तेथे गाडी बदलण्याची वेळ येते. घराघरापुढे थांबणारी, ओल्या कचऱ्याने गंजणारी कचरागाडी ही वेळ पंधरा वर्षांच्या बरीच आधी गाठते. उलट अग्निशमन बंब धावतो थोडा. पण आगीच्या ठिकाणी उभ्या उभ्या त्याचे इंजिन तासन्‌तास पंप चालवीत असते. त्याचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, इंजिनाच्या तासांवर मोजले पाहिजे. प्रत्येक गाडीचे इंधन, दुरुस्ती आणि बंद राहिलेले दिवस यांची काटेकोर नोंद नसेल, तर हा निर्णय अंदाजपंचेच होणार.

केवळ नवी गाडी आणून प्रश्न सुटत नाही, हा धडा नागपूरला मिळालेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी देशातील पहिली बस याच शहरात आली. पुढे स्कॅनिया कंपनीच्या हरित बस धावू लागल्या. मात्र थकबाकी आणि कराराच्या अटींवरील वादात २०१८ मध्ये ती सेवा थांबली. तंत्रज्ञान उत्तम होते. त्यामागची आर्थिक घडी कच्ची ठरली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतही चालक कंपनीला प्रति किलोमीटर मोबदला द्यायचा असल्याने हीच दक्षता हवी.

उपाय घरगुती शहाणपणाचाच आहे. समजा, ३० लाखांची गाडी दहा वर्षे वापरायची आणि अखेरीस तिचे ३ लाख येणार. तर दरवर्षी २ लाख ७० हजार रुपये बाजूला पडले पाहिजेत. महागाईची भर वेगळी. शिवाय दरवर्षी ताफ्याचा दहावा हिस्सा बदलत गेल्यास सर्व गाड्या एकदम म्हाताऱ्या होणार नाहीत. अनुदान आले की घाऊक खरेदी आणि पुढे सारा ताफा एकाच वेळी निकामी, हे चक्र मोडायलाच हवे.

महापालिकेचा पैसा हा करदात्यांचा ठेवा आहे आणि प्रशासन त्याचे विश्वस्त. अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा सजग नागरिकांनी एवढेच विचारावे: नव्या गाड्या किती घेणार हे कळले, जुन्या गाड्यांचा प्रति किलोमीटर खर्च किती, आणि त्या बदलण्यासाठी बाजूला काय ठेवले?