ग्राहक दुबईचा, खाते कोणाचे?



कोकणातल्या आपल्या घरांत दिरहम, रियाल, दिनार हे शब्द मुलांना पाढ्यांच्या आधी कळतात. आजवर हा पैसा एकाच वाटेने यायचा. घरचा कर्ता माणूस तिकडे नोकरी करायचा आणि पगार घरी पाठवायचा. आता दुसरी वाटही रुळते आहे. कोणाचा आंबा दुबईला जातो, कोणी भगिनी घरी मसाला करून मस्कतला पाठवतात, एखादा मुलगा गावात बसून परदेशी कंपनीचे संगणकाचे काम करतो. पण पगाराचा पैसा आणि व्यापाराचा पैसा यांचे नियम वेगळे आहेत, हे घरात सहसा कोणी सांगत नाही.

पहिला प्रश्न येतो तो असा: ग्राहकाकडून पैसे घ्यायचे कुठे? उत्तर बहुधा तयारच असते. "भाईजान दुबईतच आहेत. त्यांच्या खात्यात टाकायला सांगू. ते सवडीने पाठवतील."

यात कोणाची नियत वाईट नसते, पण अडचणी तीन आहेत. पहिली कायद्याची. आपल्याकडे परकीय चलनाचा फेमा कायदा १९९९ चा आहे. निर्यात केलेल्या मालाची किंमत ठरलेल्या मुदतीत अधिकृत बँकेमार्फत भारतात आणणे निर्यातदारावर बंधनकारक आहे. माल गेल्याची नोंद आणि पैसे आल्याची नोंद बँक जुळवून पाहते. पैसे भावाच्या खात्यात राहिले तर आपली नोंद उघडीच राहते. दुसरी अडचण भावाची. त्याचे खाते पगाराचे. त्यात व्यापाऱ्यांच्या मोठ्या रकमा येऊ लागल्या की तिथली बँक विचारणार, हे पैसे कसले? उत्तर त्या बिचाऱ्याला द्यावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. उद्या अल्लाहने भावाला बोलावून घेतले, तर त्याच्या नावावरची रक्कम त्याचा तरका समजली जाईल. त्यातले किती त्याच्या यतीम मुलांचे आणि किती आपल्या धंद्याचे, हे कोण सांगणार? भावजयीवर अविश्वास नको आणि आपलाही हक्क बुडू नये, असा मार्ग तेव्हा उरत नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती सख्ख्या भावांनाही लागू आहे.

मग योग्य जागा कोणती? निर्यातीतून परकीय चलन कमावणाऱ्या भारतातल्या रहिवाशासाठी ईईएफसी नावाचे खाते असते. परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या अधिकृत बँकेत ते धंद्याच्या नावाने उघडता येते. कंपनीच हवी असे नाही, एकट्या मालकाचा धंदा किंवा घरून काम करणारा व्यावसायिकही चालतो. आलेले डॉलर त्यात डॉलर म्हणूनच राहतात. मसाल्याचा धंदा भगिनीचा असेल तर खातेही तिच्याच धंद्याच्या नावाने असावे. तिची कमाई शरीयतने तिचीच मानली आहे.

भावाच्या एनआरई किंवा एफसीएनआर खात्यांशी याची गल्लत करू नका. ती परदेशात राहणाऱ्यांची खाती. एनआरई खाते रुपयांत असते आणि एफसीएनआर ही परकीय चलनातली एक ते पाच वर्षांची व्याजी ठेव असते. ईईएफसी मात्र चालू खाते आहे. त्यावर व्याज मिळत नाही आणि त्याच्या तारणावर कर्जही मिळत नाही. सूद टाळणाऱ्या घराला यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

व्याज नाही, मग फायदा काय? एक हिशेब मांडू. दर केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा बँक डॉलर ८५ रुपयांना घेते आणि ८६ रुपये ५० पैशांना विकते. तुमचा आंबा आणि मसाला गेला, १०,००० डॉलर आले आणि बँकेने लगेच ८,५०,००० रुपये खात्यात जमा केले. पुढच्या महिन्यात रमजानसाठी खजूर मागवायचा आहे, त्याला ४,००० डॉलर हवेत. ते विकत घेताना ३,४६,००० रुपये मोजावे लागतील. तेच ४,००० डॉलर तुम्ही ३,४०,००० रुपयांना विकले होते. म्हणजे ६,००० रुपये जाण्यायेण्यात संपले. शिवाय चलन बदलताना जीएसटी लागतो, तो दोन वेळा गेला. ईईएफसी खात्यात ४,००० डॉलर तसेच ठेवून बाकीचे बदलून घेतले असते तर हे पैसे वाचले असते. ज्याची मिळकतही डॉलरमध्ये आणि खर्चही डॉलरमध्ये, त्यालाच या खात्याचा उपयोग. ज्याचा सारा खर्च रुपयांत आहे, त्याने साध्या चालू खात्यात रुपये घ्यावेत आणि कामाला लागावे.

दिरहमसाठी वेगळे आणि डॉलरसाठी वेगळे खाते हवे का, असेही विचारले जाते. आजोबांच्या काळात हा प्रश्न नव्हता. तेव्हा दुबईच्या बाजारातही रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी खास आखाती रुपयाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबईने तो सोडला. आज अमिरातींचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर कायम आहे. सौदी रियालही १९८६ पासून ३.७५ वर आहे. त्यामुळे रुपयासमोर ही तिन्ही चलने जवळजवळ एकत्रच चढतात आणि उतरतात. लहान धंद्याने बिल डॉलरमध्ये करावे आणि एकच डॉलर खाते ठेवावे, ते पुरते. युरोपातला ग्राहक नियमित असेल तरच युरोचे खाते वेगळे. जितकी खाती, तितके शुल्क आणि तितक्या वह्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे खाते भाव वाढण्याची वाट पाहण्यासाठी नाही. रिझर्व्ह बँकेचा सर्वसाधारण नियम असा आहे की एका महिन्यात जमा झालेल्या रकमेतून मंजूर खर्च आणि आधी ठरलेली देणी वजा जाता जे उरेल, ते पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावे लागते. एप्रिलमध्ये आलेल्या डॉलरची मुदत ३१ मे. हा नियम जाचक वाटला तरी हिताचा आहे. २०१३ चा मे महिना आठवा. डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टअखेर तो ६८ च्या पुढे गेला. आणखी चढेल या आशेवर जे थांबले, त्यांना ऑक्टोबरमध्ये ६२ च्या आसपास दर दिसला. आपली रोजी मालात आणि मेहनतीत आहे, दराच्या पाटीत नाही.

दराची जोखीम टाळायला बँक 'फॉरवर्ड' करार सुचवते. त्यात दर आज ठरतो आणि दोन्ही बाजूंची देवाणघेवाण पुढच्या तारखेला होते. चलनाच्या अदलाबदलीत देणेघेणे हातोहात व्हावे, हा फिकहचा जुना नियम आहे. म्हणून अनेक उलमा अशा कराराला मान्यता देत नाहीत. सही करण्यापूर्वी जाणत्या आलिमांना विचारा.

जकातीचेही लक्षात ठेवा. वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशी खात्यात जितके डॉलर असतील, त्यांची त्या दिवसाच्या दराने रुपयांत किंमत काढून ती इतर मालात मिळवावी. खाते वेगळे आहे म्हणून रक्कम हिशेबाबाहेर राहत नाही.

या महिन्यात एवढे करा. घरात धंदा असेल तर भाईजानांच्या खात्यात आजवर किती रक्कम पडली आहे, ते दोघांनी बसून लिहून काढा आणि दोघांच्या सह्या करा. ती नियमाने कशी आणायची, हे आपल्या सीएला विचारा. मग बँकेत जाऊन चार गोष्टी विचारा: ईईएफसी खाते कोणत्या चलनात मिळेल, किमान शिल्लक किती, वर्षाचे शुल्क किती, आणि डॉलर घेण्याचा व विकण्याचा आजचा दर काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मागा. दोन बँकांचे दर शेजारी ठेवले की पुढचा हिशेब घरातला आठवीतला मुलगासुद्धा करून देईल.