मंत्र्याची खुर्ची आणि तिजोरीची किल्ली

आमच्या लोकांत मंत्र्याचे मोठे कौतुक असते. गावात मोटार आली, हार पडले, भाषण झाले की झाले! मोटारीतून उतरलेल्या माणसाच्या हाती खरोखर काय होते, हे कोणी विचारीत नाही. दर २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंती होते, आणि वक्ते त्यांस ‘शिक्षणमहर्षी’, ‘कृषिमहर्षी’ म्हणून मोकळे होतात. त्यांचा मान आम्हांसही आहे. पण माणसास एकदा महर्षी ठरविले की त्याचा हिशेब मांडण्याची सोय राहत नाही. आणि पंजाबरावांचे चरित्र तर हिशेबाने वाचण्यासारखे आहे. हा गृहस्थ दोन सरकारांत मंत्री झाला, आणि दोन्ही वेळा तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्याच कमरेला होती.

अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ साली शेतकऱ्याच्या घरात ते जन्मले. शिकावयास विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, आणि ऑक्सफर्डची डॉक्टर पदवी घेतली ती कोणत्या विषयावर? वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास! कोल्हापुरात खुद्द छत्रपतींस वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असे सांगण्यात आले, त्यास अजून तीस वर्षेही झाली नव्हती. तोच वऱ्हाडातील एका नांगरधाऱ्याच्या मुलाने वेदांवरच प्रबंध लिहून दाखविला. तो ग्रंथ १९३३ साली छापून निघाला. ज्यांनी तो वाचावयास हवा होता त्यांनी कितपत वाचला, हे त्यांचे त्यांस माहीत.

स्वदेशी परतल्यावर मात्र ते ग्रंथ कुरवाळीत बसले नाहीत. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली तीत ते पुढे होते. त्याच सुमारास त्यांनी विमलाबाईंशी विवाह केला. वधू सोनार समाजातील. जातिभेद मोडा म्हणून व्याख्याने देणारे पुष्कळ असतात, पण घरच्या मांडवात तो मोडणारे थोडे. जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्षपद हाती येताच त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा व सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचा प्रश्न धसास लावला.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून आले व शिक्षण, शेती वगैरे खात्यांचे मंत्री झाले. येथेच त्यांच्यावरचा मोठा आक्षेप येतो. ते साल मिठाच्या सत्याग्रहाचे. काँग्रेसने कौन्सिलावर बहिष्कार घातलेला, हजारो लोक तुरुंगात; आणि त्याच वेळी हे सरकारच्या खुर्चीवर! हा आक्षेप पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांस तसे वाटणे साहजिक होते. पण देश मोकळा होईपर्यंत आमच्या पोरांचे शाळेत जाण्याचे वय थांबून राहणार होते काय? पंजाबरावांनी खुर्ची घेतली ती या विचाराने, असे त्यांच्या पुढल्या करणीवरून आम्हांस दिसते.

मात्र ती खुर्ची कशी होती, हे समजून घेतले पाहिजे. १९१९ च्या कायद्याने प्रांताचा कारभार दोन वाट्यांत तोडला होता. शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती लोकांच्या मंत्र्याकडे. आणि जमाखर्च, सारा, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नराकडे. म्हणजे सुनेने स्वयंपाक करावा, पण कोठीची किल्ली सासूकडे! शाळा काढण्याचे काम मंत्र्याचे, आणि पैसा मागावयाचा तो साहेबाकडे. अशा स्थितीत बहुतेक मंत्री पगार घेऊन स्वस्थ बसत. पंजाबरावांनी पैसा कोठे पडून आहे हे शोधले, आणि तो त्यांस देवळांत दिसला.

हिंदू देवस्थानांच्या उत्पन्नावर देखरेख असावी आणि तो पैसा लोकोपयोगी कामास लागावा, या हेतूने त्यांनी १९३२ साली कौन्सिलात बिल आणले. मग काय विचारता! धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. देवापुढे पैसा टाकणारे हात कोणाचे, तर कुणब्याचे, माळ्याचे, तेल्याचे, कोष्ट्याचे. पण त्या पैशातून त्यांच्याच पोराने पाटी घ्यावी म्हटले की धर्मावर संकट! बिल पार पडले नाही. देवस्थानांचे हिशेब तपासण्याचे कायदे पुढे स्वराज्यात १९५० च्या सुमारास झाले. म्हणजे अठरा वर्षे उशिरा. त्याच काळात प्रांतात कर्ज लवाद व्हावा म्हणूनही त्यांनी खटपट केली. सावकार व कुळ यांस समोरासमोर बसवून थकल्या कर्जाची तोड काढावयाची, असा तो उपाय. त्याचा कायदा १९३३ साली झाला.

त्यांचे टिकलेले काम पाहावयाचे तर ते खुर्चीबाहेर आहे. १९३२ साली अमरावतीस त्यांच्या पुढाकाराने श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तेथे किल्ली साहेबाकडे नव्हती. गावोगावचा शेतकरी धान्य, पैसा, जागा देत गेला आणि शाळा निघत गेली. आज वऱ्हाडात शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर, मास्तर वा इंजिनियर दिसला, तर तो कोणत्या शाळेत शिकला हे एकदा विचारून पाहावे.

पुढे ते काँग्रेसतर्फे घटना समितीत गेले. शेतकरी व मागास जातींस सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा, हे त्यांनी तेथे रोखठोक सांगितले. पण त्याच सभागृहात ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना, दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या हिंदूस वा शिखास तो कोठेही राहत असला तरी येथले नागरिकत्व मिळावे, अशी सूचना त्यांनी आणली. ती समितीने मानली नाही, हे बरे झाले. अंबादेवीच्या दारात जन्मावरून माणूस अडवू नये म्हणणाऱ्याने देशाच्या दारात धर्म विचारावा, हे आम्हांस पटत नाही.

१९५२ पासून दहा वर्षे ते दिल्लीत शेतीखात्याकडे मंत्री होते. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार, १९५५ साली भारत कृषक समाज, १९५९-६० सालचे दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन, ही त्यांची कामे. पण अन्न व शेतीचा वरिष्ठ मंत्री या सर्व काळात दुसराच: प्रथम रफी अहमद किडवाई, मग अजितप्रसाद जैन, मग स. का. पाटील. नांगर धरलेल्या घरचा, ऑक्सफर्डचा डॉक्टर, तीन वेळा अमरावतीकरांनी लोकसभेत पाठविलेला माणूस. त्याच्या हाती देशाचे शेतीखाते पुरते द्यावे असे त्या दहा वर्षांत कोणास वाटले नाही. १९५५ साली कालेलकर आयोगाने मागासलेल्या जातींचा अहवाल दिला, तो सरकारने बासनात बांधला. त्या सरकारात पंजाबराव होते, हेही लिहून ठेवले पाहिजे. केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासांस राखीव जागा देण्याचा निर्णय जाहीर व्हावयास १९९० साल उजाडले.

१० एप्रिल १९६५ रोजी ते दिल्लीत वारले. त्यापूर्वी तीनच महिने, त्या साली जानेवारीत, शेतमालाच्या भावाची शिफारस करणारा आयोग दिल्लीत बसला होता. १९६९ साली अकोल्यास निघालेल्या कृषी विद्यापीठास पंजाबरावांचे नाव आहे. तेथे कपाशीचे वाण निघते. त्या कपाशीच्या हमीभावाचा आकडा अजून दिल्लीहून येतो. येत्या जयंतीस जे मंत्री व्यासपीठावर येतील, त्यांस आमच्या वाचकांनी हार घालण्यापूर्वी विचारावे की, साहेब, यंदाचा आकडा ठरला तेव्हा आपण कोठे होता आणि काय बोललात?