करवतीचे दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण आपण सगळेच शाळेत शिकलो. करवतीलाही असे दोन तऱ्हेचे दात असतात, हे मात्र सुतारकामाच्या वर्गात हल्ली दाखवतात ते व्हिडिओ पाहिल्यावर कळतं. व्हिडिओतली करवत सागवानातून अशी जाते, जशी सुरी लोण्यातून. वर्गातली करवत बोटभर आत गेली की अडेल बैलासारखी बसकण मारते.

माझं म्हणणं सरळ आहे. हे व्हिडिओ शिकवण्यासाठी काढलेले नसतात, हत्यार विकण्यासाठी काढलेले असतात. आणि जाहिरात शिक्षण म्हणून पोरांच्या गळ्यात मारणं ही लबाडी आहे. आम्ही बँकेतली माणसं. कर्जाच्या माहितीपत्रकावरचं हसरं कुटुंब आणि काउंटरपुढचं खरं कुटुंब यांतला फरक आम्हाला कोणी सांगायला नको.

एका व्हिडिओचा थाट बघा. आधी कानठळ्या बसवणारं संगीत. मग 'नमस्कार मित्रांनो'. मग खोकं उघडण्याचा सोहळा. मुंजीत बटूचं होत नसेल एवढं कौतुक रंध्याचं होतं. मग फळी येते, ती आधीच आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावरून रंधा फिरतो, जिलबीसारखी वेटोळी निघतात, आणि शेवटी किंमत.

आता यात काय नसतं ते बघा. रंध्याचं पातं तळातून केसाएवढंच बाहेर ठेवायचं असतं. ते कसं ठेवायचं, हे नसतं. लाकडाची रेषा बघून रंधा मारायचा असतो, उलट मारला तर लाकूड उपटून येतं. ते उपटलेलं लाकूड नसतं. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. नेमके तेव्हाच कॅमेरावाल्याला निवेदकाचा चेहरा दाखवावासा वाटतो. आणि धार? पंचवीस-तीस अंशांचा उतार धरून दगडावर पातं घासायचं, हे सुतारकामाचं अर्धं शास्त्र. पण धार लावून दाखवली तर नवं पातं कोण घेणार?

यावर सुधारक मंडळी म्हणतात, "अहो, एकदा काढला की लाखो मुलं बघतात!" मान्य. चांगला व्हिडिओ मोठी चीज आहे. चाळीस पोरं मिस्त्रीभोवती उभी राहिली तर मागच्या तिसांना त्याची पाठच दिसते. कॅमेरा बोटाजवळ जाऊ शकतो, थांबू शकतो, दहादा तेच सांगू शकतो. पण तो जवळ जातच नाही, हीच तर माझी तक्रार!

बरं, वरून कोणी असं करा म्हणून सांगितलंय असंही नाही. १९३७ साली आपल्या शेजारच्या वर्ध्यातच गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्या म्हणून सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकावं, असं लिहिलंय, आणि त्यात सुताराचं नावही आहे. तेल्हाऱ्यात तिफण, वखर, डवरा घडवलेले हात अजून आहेत. पण पोरांना त्यांच्याकडे नेण्यापेक्षा पडदा लावणं सोपं. पडद्याला चहा पाजावा लागत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं. योजना चांगली आहे. पण हात जुना आणि हत्यार नवं, अशी गाठ पडली की आठवड्यानंतरचा गुरू कोण? तोच व्हिडिओ. विजेच्या रंध्याचं बटण बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात, ती थांबेपर्यंत रंधा खाली ठेवायचा नसतो. ढगळ बाही, गळ्यातला गोफ, सगळं आधी आवरायचं असतं. विकणारा हे कशाला सांगेल? गेलेल्या बोटावर कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे मी काउंटरच्या अलीकडून सांगतो.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सगळ्या वादाचा निकाल दोन वाक्यांत लावला. "साहेब, बिघडते कसं थे दाखवा म्हना त्यायले. नीट झालेलं तं दुकानातबी दिसते."

तेव्हा वर्ग चालवणाऱ्यांनो, एवढं करा. संगीत बंद, निवेदकाचा चेहरा बंद, किंमत बंद. कॅमेरा हातावर. आधी धार, मग काम. एकदा चुकवून दाखवा, मग सुधारून दाखवा. आणि व्हिडिओ संपला की दिवा लावून गावातल्या मिस्त्रीला आत बोलवा. चहाचे पैसे वर्गणी काढून आम्ही देऊ.