घाटाखाली जाणारे पाणी आणि घाटावरची ज्वारी



भीमा पूर्वेकडे वाहते, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण भीमेच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा पूर्वेकडे येतच नाही, तो घाट फोडून पश्चिमेला कोकणात उतरवला जातो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शिरूर आणि दौंडच्या जिरायत गावांत दर दोन-तीन वर्षांनी टँकर उभा राहतो. तेव्हा आपल्याला सांगितले जाते की, निसर्गाची अवकृपा झाली. निसर्गाची अवकृपा किती आणि माणसाने आखलेली योजना किती, हा हिशेब एकदा मांडायलाच हवा.

मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. ठोकरवाडीचे धरण आंध्रा नदीवर आहे आणि आंध्रा इंद्रायणीला मिळते. शिरवता, वळवण, लोणावळा हे तलावही इंद्रायणीच्याच माथ्यावर आहेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे आपल्याच दोन तालुक्यांच्या शिवेवर भीमेत येते. म्हणजे ही सगळी धरणे आपल्या नदीच्या उशाशी आहेत. त्यांचे पाणी मात्र बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील वीजघरांत सोडले जाते. खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ चे आणि भिऱ्याचे १९२७ चे.

किती पाणी जाते? कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, टाटांच्या या योजनांना कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा दिली. सरासरी काढली तर वर्षाला ४२ टीएमसीच्या वर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत साधारण २९ टीएमसी पाणी मावते. त्या चार धरणांच्या पाण्यासाठी पुणे शहर आणि दौंड-इंदापूरचे शेतकरी दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत हमरीतुमरीवर येतात. त्याच्या जवळजवळ दीडपट पाणी बिनबोभाट घाट उतरू शकते आणि त्याची चर्चा कोणत्याच बैठकीत होत नाही.

ही योजना झाली तेव्हा शेतकऱ्याला विचारले होते का? विचारले नाही, आणि शेतकरी गप्पही बसला नाही. एप्रिल १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी मुळशीचा सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून मुळशी पेट्यातली भाताची खाचरे पाण्याखाली घातली गेली. धरणविरोधी लढ्याची सुरुवात जगाने आपल्या मुलखात पाहिली. पण तेव्हाही प्रश्न बुडणाऱ्या जमिनीचा होता. खाली दौंड-शिरूरला, आणखी खाली सोलापूर-विजापूर-कलबुर्गीला नदीत काय कमी पडेल, हा हिशेब त्या वेळी कोणी मांडलाच नाही. तो आपण आज मांडतो आहोत.

मी शेतकी महाविद्यालयात शिकलो तेव्हा पाणी आणि वीज हा अभियंत्यांचा विषय होता आणि ज्वारी-कापूस हा आमचा. या फाळणीतच सगळी गोम आहे. ज्याला पिकाची पाण्याची वेळ कळते त्याला धरणाच्या नियोजनात बसवत नाहीत आणि जो नियोजनात बसतो त्याला ज्वारी पोटरीत कधी येते हे ठाऊक नसते.

आता आकडे. एक टीएमसी पाणी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. पाचशे मीटर उंचीवरून ते सोडले की साधारण ३ कोटी ४० लाख युनिट वीज होते. हेच एक टीएमसी पाणी रब्बी ज्वारीला दिले तर? साडेसात सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी धरा. वाटेत निम्मे पाणी मुरले आणि उडाले असे धरा. तरीही ४५ हजार एकरांहून जास्त ज्वारीला एक पाणी मिळते. मालदांडी पेरणाऱ्याला विचारा, पोटरीत आलेल्या ज्वारीला एक पाणी मिळणे आणि न मिळणे यात काय फरक असतो. दाणा भरण्याचा आणि नुसता कडबा हाती येण्याचा तो फरक असतो. कपाशीला पाते-बोंडे धरताना पावसाने पाठ फिरवली की तेच. आपण बारमाही बागायत मागत नाही. वर्षातून एक-दोन पाणी मागतो.

यावर लगेच उत्तर येईल, "मग मुंबई अंधारात घालायची का?" हे उत्तर १९२७ साली खरे असेल, आज ते खरे नाही. दहा टीएमसी पाणी पूर्वेला ठेवले तर वर्षाला सुमारे ३४ कोटी युनिट वीज कमी होईल. आपल्या उन्हात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ लाख युनिट देतो. म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे मेगावॅटमध्ये ही तूट भरून निघते. राज्य सरकार २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात याच्या कितीतरी पट मेगावॅट उभारायला निघाले आहे. विजेला पर्याय सापडला. ज्वारीच्या पाण्याला पर्याय कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

दुसरे उत्तर जास्त शहाणे आहे आणि त्याला नीट तोंड दिले पाहिजे. सौर वीज दिवसा मिळते, शहराची मागणी संध्याकाळी चढते, आणि बटण दाबताच सुरू होणारी वीज पाण्याचीच. हे बरोबर आहे. पण त्यासाठी पाणी एकदाच खाली सोडून गमावण्याची गरज नाही. दिवसा स्वस्त विजेने खालचे पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करायची. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. यात चढ-उतारात चौथाईच्या आसपास वीज खर्ची पडते, पण पाणी तेच राहते. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. भिऱ्यालाही १५० मेगावॅटचा असा संच आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात शिरवता येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. सुमारे १३ हजार कोटींची गुंतवणूक.

बंधूंनो, इथे कान टवकारा. शंभर वर्षांनी पहिल्यांदा या धरणांच्या वापराची मांडणी नव्याने होते आहे. कंपनीला तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून संध्याकाळची महाग वीज विकता येणार आहे. मग एकदाच वापरून घाटाखाली सोडायच्या पाण्याचा हक्क जसाच्या तसा कशासाठी? नवी सवलत हवी असेल तर जुन्या हक्कातला काही वाटा सोडा, ही अट घालायची वेळ हीच आहे. पाया खणला गेला, कर्ज उचलले गेले, म्हणजे सरकार सांगेल की आता उशीर झाला.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा आहे असेही समजू नका. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नावाची नदी आहे. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी १९७२ मध्ये एकत्र संस्था काढली आणि मालीत मानंताली येथे धरण बांधले. ते १९८८ मध्ये पुरे झाले आणि २००१-०२ पासून २०० मेगावॅट वीज देऊ लागले. विजेचे वाटपही ठरले, मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५. सगळे कसे शिस्तीत! पण त्या नदीकाठचा शेतकरी काय पेरत होता? ज्वारी. पूर ओसरला की ओल्या गाळात तो ज्वारी पेरायचा, जशी आपण परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बी पेरतो. धरणाने पूर अडवला आणि त्याची ओल गेली. शेवटी २००२ मध्ये या देशांनी नदीच्या पाण्याची सनद केली आणि शेतीसाठी धरणातून मुद्दाम पूर सोडण्याची बाब तीत लिहिली. अंमल पुरा झाला असे नाही. वीज आणि पूर यांची ओढाताण चालूच राहिली. पण निदान ज्वारीवाला कागदावर वाटेकरी म्हणून आला. आपले नाव कोणत्या कागदावर आहे?

मेकाँग नदीवर उलटा धडा मिळतो. लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी १९९५ मध्ये आयोग स्थापला, पण वरचा चीन त्याचा सभासदच नाही. लाओसमधला झायाबुरी प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला, वीज मुख्यतः थायलंडला जाते. मासळीची आणि गाळाची चिंता मात्र खालच्यांच्या वाट्याला आली. वीज तारेतून सीमा ओलांडते आणि नुकसान नदीतून. नदी एक असेल तर हिशेबही एकाच वहीत हवा. कृष्णा-भीमेचे खोरे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र या चार राज्यांचे. या राज्यांनी पन्नास वर्षे लवादापुढे वकील उभे केले. पण वीज आणि शेती यांचा मिळून एक आराखडा करायला एकत्र बसले नाहीत.

आता आपल्या घरातल्या दोन अडचणी. त्या झाकून चालणार नाही.

पहिली अडचण कोकणची. वीज झाल्यावर हे पाणी उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिका या नद्यांत जाते. त्यावर तिकडची गावे, शहरे आणि कारखाने जगतात. कोकणातला माणूसही आपलाच आहे, त्याच्या तोंडचे पाणी आपण काढणार नाही. म्हणून सगळे ४२ टीएमसी उद्याच द्या अशी आपली मागणी नाही. पण आपल्या पाचपट पाऊस पडणाऱ्या मुलखाने आपले पाणी आपल्या डोंगरात साठवावे, त्यासाठी सरकारने पैसा द्यावा आणि तिथली सोय होत जाईल तसे भीमेचे पाणी भीमेकडे वळवावे, हे न्यायाचे आहे.

दुसरी अडचण आपल्यातलीच आहे. उद्या मुळा-इंद्रायणीतून पाणी खाली आले तर ते कोण उचलेल? पहिला हात पुणे शहराचा पडेल, दुसरा नदीकाठच्या उसाचा. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या माळावर आणि दौंडच्या दक्षिणेकडच्या जिरायत पट्ट्यात ते आपोआप चढणार नाही. एक टीएमसी पाणी शंभर मीटर चढवायला सुमारे १ कोटी १० लाख युनिट वीज लागते. ही वीज शेतावरच्या उन्हातून मिळू शकते. पण पाणी कोणाचे, हे आधी लिहून घ्यावे लागेल. शेजारच्या पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून दाखवून दिले की पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता घरातल्या माणसांवर वाटता येते आणि सामाईक पाण्यावर ऊस नको हा नियम गावे पाळतात. तोच नियम आपण स्वतःला लावून घेतला तरच सरकारकडे मागण्याचा आपला अधिकार शाबूत राहील.

आणि कायदा? केंद्राच्या १९८७ आणि २००२ च्या जलनीतीत आधी पिण्याचे पाणी, मग सिंचन, मग जलविद्युत असा क्रम छापलेला आहे. महाराष्ट्र सरकारने २०११ मध्ये शेतीला उद्योगाच्या वर आणले. कागदावर ज्वारी विजेच्या आधी आहे. फक्त भीमेच्या माथ्यावर हा कागद पोचलेला नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण या मागण्या मांडायच्या आहेत.

१) शिरवता आणि भिवपुरी येथील उदंचन प्रकल्पांच्या कोणत्याही अंतिम करारात पश्चिमेला सोडायच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने कपात करण्याची अट असावी. पहिला टप्पा दहा टीएमसीचा.

२) या धरणांतून दर महिन्याला घाटाखाली किती पाणी सोडले, त्याचे आकडे प्रत्येक तालुक्याच्या पाटबंधारे कार्यालयात फलकावर लागावेत.

३) अवर्षणाच्या वर्षी घाटाखालच्या पिण्याच्या पाण्याचा वाटा सोडून बाकीचे पाणी थांबवावे आणि पोटरीतल्या ज्वारीसाठी नदीत सोडावे.

४) परत येणाऱ्या पाण्याचा ठरावीक हिस्सा जिरायत गावांच्या नावे, माणशी वाटपाने आणि उसाला बंदी घालून नोंदवावा. उपशासाठी सौर वीज द्यावी.

५) शेतीला दिवसा वीज मिळावी. आपल्या नदीच्या विजेवर महानगर उजळते आणि शिरूरचा शेतकरी बिबट्याच्या भीतीत रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जातो, हे आता पुरे झाले.

६) खोऱ्यातल्या चारही राज्यांचा वीज आणि शेतीचा एकत्र आराखडा व्हावा आणि तो करणाऱ्या समितीत कोरडवाहू शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत.

यातली एकही मागणी भिकेची नाही. आपण कोणाचे धरण फोडायला निघालेलो नाही, कोणाचा दिवा विझवायला निघालेलो नाही. आपण हिशेब मागतो आहोत, आणि ज्याच्या वहीत खोट नसते त्याने हिशेबाला घाबरायचे कारण नाही. प्रत्येक गावाने ग्रामसभेत या सहा मागण्यांचा ठराव करावा आणि त्याची प्रत घेऊनच बैठकीला यावे. रिकाम्या हाताने आलेल्या गर्दीची दखल कोणी घेत नाही. दोनशे गावांचे दोनशे ठराव टेबलावर पडले की मात्र साहेबाला नदीचा नकाशा उघडून बसावेच लागते.